रकाना क्रमांक अकरा

नारायण पेठेत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
मी मंडळाचे जुने फॉर्म संगणकात भरते.
एका फॉर्मचे तीन रुपये.
नाव, गोत्र, उंची, चष्मा आहे / नाही,
आणि अकरावा रकाना : जोडीदाराबद्दल अपेक्षा.

आगटेबाई म्हणतात, अकरावा नीट वाचून टाइप कर,
लोक तिथेच खरं बोलतात.
मला वाटतं, लोक तिथे बोलतच नाहीत.
हवा बोलते.

त्र्याहत्तरच्या गठ्ठ्यात बघा,
मुली एकाएकी अंगाने भरलेल्या हव्यात.
‘सुदृढ.’ ‘खात्यापित्या घरची.’
सुकडीच्या रांगा पाहून आलेल्या एका मास्तरांनी तर
सरळ लिहिलंय : किरकोळ नको.
पुढे कधीतरी डबे भरले असणार घराघरांतले,
कारण तोच रकाना, तेच मंडळ,
आणि पानोपानी : सडपातळ, सडपातळ.

स्वाइन फ्लूच्या वर्षी
‘नाकीडोळी नीटस’ जवळजवळ सापडतच नाही.
नाकच कुठे दिसत होतं कुणाचं.

पण मी अडकले ती बासष्टच्या फायलीत.
पानशेतनंतरचा पहिला फाल्गुन.
उषःप्रभा नातू, वय एकवीस, इंटर, पाच फूट एक.
पत्ता खोडलेला, त्यावर दुसरा, तोही खोडलेला,
मग समासात उभ्या ओळीत : पूरग्रस्त वसाहत.
अकरावा रकाना :
पोहता येणारा हवा.

एवढंच.
पगार नाही, पत्रिका नाही.
पूर्णविराम इतका दाबलेला
की कागदाला भोक.

मागे गंजक्या टाचणीनं लावलेलं पोस्टकार्ड :
‘मंडळास स. न. वि. वि.
विवाह ठरल्याचे कळविण्यास आनंद होतो.
कृपया माझे नाव कमी करावे.
ता. क. ह्यांना पोहता येत नाही.
विचारायचे राहून गेले.’

आगटेबाईंना दाखवलं. त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, ‘तोवर पाणी ओसरलं असेल तिचं.
नाहीतर तो दुसऱ्या मजल्यावर राहत असेल.’

मी चौथ्या मजल्यावर राहते, आंबेगावात.
एप्रिलपासून दिवसाआड टँकर,
आणि लिफ्ट बंद, कारण लिफ्टवाल्याचं बिल टँकरात गेलं.
बी विंगचे धनवटे वीस लिटरचा कॅन
एका दमात तिसऱ्या मजल्यापर्यंत आणतात.
तिथे थांबतात. मानेवरची एक शीर
अजून चढत असते.

गेल्या वर्षी पाणी बरं होतं.
गेल्या वर्षी हेच धनवटे मला
पार्किंगवरून भांडणारे,
ढेरपोटे, बायको सोडून गेली ते बरंच झालं,
असे वाटायचे.
तेव्हा मला वाचणारा कुणीतरी हवा होता.
नाटकाला येणारा. लांब बोटांचा.

काल त्यांनी कॅन टेकवला, झाकणातून थोडं सांडलं.
त्यांनी ते पायाने सारलं नाही.
कोनाड्यातलं फडकं घेतलं, टिपलं,
आणि माझ्या तुळशीत पिळलं.
मी बोटं पाहिली.
आखूड आहेत.

रात्री एक कोरा फॉर्म घरी आणला.
तेरा वर्षांपूर्वीचा माझा मंडळात असेलच कुठेतरी :
निर्व्यसनी, अनुरूप, वगैरे.
दहा रकाने भराभर झाले.
वय लिहितानासुद्धा हात अडला नाही.
अकराव्यापाशी बसून राहिले.
हे मी लिहिणार, की मे महिना?
खडकवासला भरलं, नळ रोज यायला लागला,
की हा माणूस पुन्हा ढेरपोटा दिसेल का मला?
आणि दिसला, तर खरी कोणती मी,
तहानलेली की पोट भरलेली?

उषःप्रभाबाई, तुम्ही काय केलंत?
उन्हाळ्याच्या सुट्टीत नवऱ्याला टिळक टँकवर घातलंत,
की पाऊस वाढला की रात्री उठून
त्यांच्या श्वासावर हात ठेवून बसायचात?

फॉर्म तसाच आहे, ओट्यावर, डब्याखाली.
उद्या टँकर सातला.
मला एकटीला दोन कॅन पुरतात.
मी दाराबाहेर चार काढून ठेवलेत.